सहावा आठवडा : मॅट पसरू की गुंडाळून ठेवू?

गुपचिळी

नमस्कार मंडळी,

आयडी जुना आहे पण मी कायम वाचनमात्र. आज लिहितेय कारण गोड बातमी आहे आणि नवरा सोडून कुणालाच सांगितलेलं नाहीये, म्हणजे बातमी कळणाऱ्यांत तुमचा नंबर दुसरा.

पाळीच्या तारखेवरून सहावा आठवडा चालू आहे. गेली पाच वर्षं मी योग करतेय, आठवड्यातून चार दिवस क्लासला आणि उरलेले दिवस घरी जमेल तसं. बारा सूर्यनमस्कार, उभ्याने करायची आसनं, मग पोटावरची, शेवटी कपालभाती आणि अनुलोम-विलोम. टेस्ट केली त्याच्या आदल्या दिवसापर्यंत हे सगळं दणक्यात चालू होतं. धनुरासन, नौकासन, कपालभातीचे शंभर-शंभर स्ट्रोक, सगळं. आता रात्री डोळे मिटले की मीच दिसते, धनुरासनात पोटावर झुलताना.

तर पहिला प्रश्न हाच, की जे करून बसलेय त्याने काही बिघडलं असेल का.

दुसरा म्हणजे आता पुढे काय. क्लासच्या मॅडमना "मैत्रिणीसाठी विचारतेय" असं म्हणून विचारलं तर त्या म्हणाल्या पहिले तीन महिने मॅटला हात लावायचा नाही, चौथ्यापासून बघू. ऑनलाइन एक बाई आहेत त्या म्हणतात पहिल्या आठवड्यापासून माझ्याकडे या. डॉक्टर म्हणाल्या "लाइट एक्सरसाइज चालेल" आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. लाइट म्हणजे किती लाइट ते विचारायचं राहूनच गेलं.

मला सोडायचं नाहीये खरं तर. तीन दिवस केलं नाही की मी कुणावरही ओरडते, आणि सध्या घरात तो "कुणीही" एकच आहे.

खडूस_काकू

अभिनंदन गं! "मैत्रिणीसाठी विचारतेय" म्हणालीस तेव्हाच मॅडमनी ओळखलं असणार, लिहून ठेव.

रिकामा_डबा

वाचतेय. मीही त्याच होडीत, आठवा आठवडा. फक्त मी योग वगैरे कधी केलेलाच नाही, आता सुरू करू का हा माझा प्रश्न.

तेजोनिधी

काही होत नाही हो. माझ्या बायकोने नऊ महिने कपालभाती केली, डिलिव्हरी एकदम नॉर्मल. शरीराला सवय असेल तर काहीही थांबवायची गरज नाही. हे सगळं डॉक्टरांनी घातलेलं भय आहे.

स्टेथोस्कोप

गुपचिळी, अभिनंदन. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, पण इथे लिहितेय ते सर्वसाधारण. तुझी फाइल माझ्यासमोर नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तुझ्या डॉक्टरांचा.

आधी झोप उडवणारा प्रश्न. आपण आठवडे पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतो, म्हणजे तुझा "सहावा आठवडा" असला तरी गर्भाचं प्रत्यक्ष वय त्याहून साधारण दोन आठवड्यांनी कमी आहे. (पहिल्या आठवड्यात तर गर्भच नसतो, त्या ऑनलाइन बाई नक्की कुणाकडून आसनं करून घेतात ते विचार एकदा.) धनुरासन करत होतीस तेव्हा तो तिळाएवढाही नसेल. आणि गर्भाशय या दिवसांत ओटीपोटाच्या हाडांच्या कड्यात खोलवर असतं, साधारण १२ व्या आठवड्याच्या सुमाराला ते वर यायला लागतं. पोटावर झुलल्याने ते चेपलं गेलं असं होत नाही.

आता ज्या गोष्टीला सगळे घाबरतात आणि नाव घेत नाहीत ती. ज्या गरोदरपणाचं निदान झालेलं असतं त्यातली साधारण १० ते २० टक्के आपोआप गळतात. त्यातली बहुतेक पहिल्या १२-१३ आठवड्यांत, आणि निम्म्याच्या आसपास केसेसमध्ये कारण गर्भाच्या क्रोमोसोममधलं (गुणसूत्रांमधलं) असतं, जे बीज फळतानाच ठरून गेलेलं असतं. त्याचा आसनाशी, जिन्याशी, उचललेल्या बादलीशी संबंध नसतो. निरोगी बाईने बेताचा व्यायाम केल्याने मिसकॅरेज होतं असं कुठे दिसलेलं नाही.

तेव्हा झोप. तेजोनिधी, तुमच्याशी नंतर बोलते.

उंटावरचा_शहाणा

धागाकर्तीने "योगा" न लिहिता "योग" लिहिलं म्हणून आधी सत्कार करावा असं सुचवतो. बाकी चर्चा त्यानंतर.

खडूस_काकू

@उंटावरचा_शहाणा, तुम्ही आधी उंटावरून उतरा, तेही एक आसनच आहे.

सुप्तवज्र

मी शिकवते, म्हणून त्या क्लासच्या मॅडमच्या बाजूने थोडं लिहिते. त्या चुकीचं सांगतायत असं लगेच म्हणू नका. अष्टांग विन्यास शिकवणाऱ्यांकडे पहिले तीन महिने सराव थांबवायचीच रीत आहे, आणि त्यांचा सराव बघितलात तर ते पटतं, त्यात उड्या आहेत, घाम आहे, एकामागून एक जोरकस आसनं आहेत. अय्यंगार पद्धतीत उलट आहे, तिथे लोड, खुर्ची, पट्टा, भिंत असं सगळं वापरून सुरुवातीपासून आधाराची आसनं करून घेतात. म्हणजे "योग करू का" हा प्रश्नच अर्धा आहे, कुठला योग हे विचारायला हवं.

दुसरं कारण मी इथे नाव लपवून लिहितेय म्हणून सांगते. वर डॉक्टरांनी लिहिलंय की बहुतेक मिसकॅरेज पहिल्या तीन महिन्यांत होतात. आता माझ्याकडे वीस जणी त्या दिवसांत आल्या तर त्यातल्या दोघीतिघींचं काही ना काही होणार, मी काहीही शिकवलं तरी. आणि मग घरचे म्हणणार त्या क्लासला गेली आणि झालं. शिक्षकाला त्याची भीती असते हो. "चौथ्या महिन्यात ये" हे सांगणं सोपं पडतं. मीही सुरुवातीची कित्येक वर्षं तेच सांगायचे, गर्भाच्या काळजीपोटी किती आणि स्वतःच्या नावाच्या काळजीपोटी किती, खरं सांगायचं तर मलाच माहीत नाही.

झिपरी

सुप्तवज्र, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून धन्यवाद. मी त्या दोघीतिघींतली.

पहिल्या वेळी नवव्या आठवड्यात गेलं. त्याच्या चार दिवस आधी मी चक्रासन केलं होतं. सगळ्यांना माहीत होतं कारण मीच कौतुकाने फोटो टाकला होता. कुणी तोंडावर काही बोललं नाही पण "तरी मी म्हणत होते" हे वाक्य दुसऱ्या खोलीतून ऐकू आलं. मी वर्षभर मॅट उघडली नाही. मग एकदा जुनी फाइल चाळताना सोनोग्राफीचा कागद नीट वाचला, त्यात लिहिलं होतं की वाढ सात आठवड्यांना थांबलेली. म्हणजे मी चक्रासन केलं तेव्हा आधीच सगळं संपलेलं होतं. डॉक्टरांनी तेव्हाही सांगितलं असेल, मला ऐकू आलं नव्हतं.

दुसऱ्या वेळी उलटं टोक गाठलं. तीन महिने पलंगावर. पाठ धरली, पोट साफ होईना, दिवसभर डोक्यात तेच. डॉक्टर सांगत होत्या की नुसतं पडून राहिल्याने मिसकॅरेज टळतं असं नाही, तरी मी उठले नाही. ती लेक आता चार वर्षांची आहे आणि माझ्या मॅटवर गाड्या चालवते.

गुपचिळी, एवढंच सांगते. त्या वेळी मी आसनं सोडली ती बाळासाठी नव्हे, माझ्यासाठी. काही वाईट झालंच तर "मी ते केलं नसतं तर" हे वाक्य माझ्याकडे नको होतं. शास्त्रीय कारण नाहीये हे, मला माहीत आहे.

स्टेथोस्कोप

झिपरी, शास्त्रीय नसलं तरी कारण आहे. मी पेशंटना हल्ली असंच विचारते, की उद्या काही झालं तर कुठली गोष्ट तुम्हाला छळेल? ती नका करू, एवढ्यापुरतं. बाकी चालू ठेवा.

तेजोनिधी, तुमच्या पत्नी ठणठणीत आहेत याचा आनंद आहे. पण एका उदाहरणावरून "काही होत नाही" म्हणता येत नाही, तसंच एका उदाहरणावरून "त्यानेच झालं" असंही म्हणता येत नाही. दोन्ही बाजूंना नियम एकच.

आता "लाइट" म्हणजे काय. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्ला आहे की गरोदर बाईने काही अडचण नसेल तर आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा. मध्यम म्हणजे करताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, गाता आलं नाही तरी चालेल. ठोके मोजायचं घड्याळ नको, पट्टा नको, नवऱ्याशी बोलत बोलत करा. धाप लागून वाक्य तुटलं की वेग कमी.

रिकामा_डबा

नवऱ्याशी बोलत केलं तर मध्यमचं जोरकस व्हायला वेळ लागत नाही आमच्याकडे.

बोरूबहाद्दर

नवऱ्यांच्या वतीने निषेध.

आमच्या वेळी मी सोबत म्हणून दुसरी मॅट आणली. दोघं मिळून शवासनापर्यंत पोचायचो. ती म्हणायची शरीर सैल सोड, श्वासाकडे लक्ष दे. पाचव्या श्वासाला मी घोरायचो. तिच्या म्हणण्याप्रमाणे पहिल्या तिमाहीतलं सगळ्यात अवघड आसन म्हणजे माझ्या शेजारी पडून शांत राहणं.

गुपचिळी

हाहा बोरूबहाद्दर. आणि झिपरी, काय लिहू कळत नाहीये. तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला, मध्येच थांबावं लागलं.

सुप्तवज्र, माझा रोजचा सेट वर लिहिलाय त्यातलं नक्की काय काढू आणि काय ठेवू हे सांगाल का? क्लासला सांगायची अजून हिंमत नाही. सोनोग्राफी होईपर्यंत कुणालाच सांगायचं नाही असं ठरवलंय.

सुप्तवज्र

आधी एक, शिक्षकाला सांगच. घरच्यांना नको, मैत्रिणींना नको, पण जो माणूस तुझ्या पाठीवर हात ठेवून "अजून थोडं" म्हणणार आहे त्याला माहीत हवं. माझ्याकडे एक जण न सांगता येत होती, मी तिला हलासनात नेऊन बसवलं होतं. काही झालं नाही, पण नंतर कळल्यावर माझेच पाय गळाले.

कपालभाती बंद. भस्त्रिका, अग्निसार, नौली, उड्डियान हे सगळंच बंद. ओटीपोटाला झटके देणं आणि पोट आत ओढून धरणं हे या दिवसांत नको यावर सगळ्या परंपरांचं एकमत आहे आणि योगवाल्यांचं एकमत हा दुर्मिळ योग असतो. श्वास रोखून धरणं, म्हणजे कुंभकही नको. अनुलोम-विलोम कुंभकाशिवाय, भ्रामरी, साधा लांब श्वास हे भरपूर कर.

पोटावरची आसनं, धनुरासन, शलभासन, आता सोड. डॉक्टर म्हणतात तसं चेपलं काही जात नसेल, पण या दिवसांत पोटावर पडवतही नाही आणि छाती हुळहुळी झालेली असते. नौकासन सोड. सूर्यनमस्कार बाराचे चार कर, उडी न मारता एकेक पाय मागे ने, साष्टांग न करता गुडघे टेकून मार्जारासनातून पुढे जा. वळायची आसनं करताना पोट मांडीवर दाबलं जाईल असं वळू नकोस, म्हणजे वक्रासन आणि अर्धमत्स्येंद्र नको, भारद्वाजासन चालेल, खांद्यातून वळ आणि नाभी समोरच राहू दे. वृक्षासन भिंतीला पाठ लावून. शीर्षासन येत असलं तरी तोल गेला तर काय, एवढाच विचार कर.

ठेवायचं ते ताडासन, त्रिकोणासन, वीरभद्रासन दोन नंबरचं, मार्जारासन, बद्धकोणासन, उपविष्टकोणासन. आणि सुप्तबद्धकोणासन पाठीखाली लोड घेऊन, लोड नसेल तर दोन कडक उशा. मळमळत असेल त्या दिवशी फक्त एवढं एकच केलं तरी पुष्कळ.

अजून एक, आणि हे लवचीक बायकांसाठी जास्त. ताणाच्या शेवटच्या टोकाला जाऊ नकोस. आपण सत्तर टक्क्यांवर थांबायचं.

स्टेथोस्कोप

त्या सत्तर टक्क्यांमागे रिलॅक्सिन नावाचं हार्मोन आहे. लोकांना वाटतं ते शेवटच्या महिन्यांत वाढतं, पण रक्तातलं त्याचं प्रमाण पहिल्या तिमाहीतच सर्वांत जास्त असतं. त्याने सांधे नक्की किती सैल होतात यावर वाद आहे, पण एरवी जमिनीला न टेकणारे हात अचानक टेकायला लागले तर खूश होऊन पुढे जाऊ नका.

आणि चक्कर. प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनमुळे रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब पहिल्या तिमाहीतच उतरायला लागतो. उत्तानासनातून झटकन उभं राहिलं की डोळ्यांपुढे काळोख येतो तो यामुळे. गुडघे वाकवून, हात मांडीवर टेकत, डोकं सगळ्यात शेवटी वर.

रिकामा_डबा

अगदी! मी नुसती चप्पल शोधायला वाकले आणि उठताना शू-रॅकला मिठी मारली.

निवांत_कासव

धाग्यावर आयव्हीएफवाल्या (टेस्ट ट्यूब बेबीवाल्या) कुणी असतील तर त्यांच्यासाठी थोडं वेगळं. आमच्याकडे औषधांच्या इंजेक्शनांनी ओव्हरीज फुगलेल्या असतात, माझ्या तर पॉझिटिव्ह आल्यावरही काही आठवडे मोठ्याच होत्या. अशी जड ओव्हरी स्वतःभोवती पिळली जाऊ शकते आणि तिचा रक्तपुरवठा तुटतो, ती इमर्जन्सी असते. म्हणून मला वळायची आसनं, उड्या, पळणं सगळं सोनोग्राफीत आकार कमी दिसेपर्यंत बंद होतं. प्राणायाम आणि चालणं एवढंच. तेव्हा सुप्तवज्र यांची यादी छान आहे पण सगळ्यांना एकसारखी लागू नाही.

सुप्तवज्र

बरोबर, हे मी लिहायला हवं होतं. ज्यांना आधी ब्लीडिंग झालंय, गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातलाय किंवा घालायचाय, हृदयाचा-फुप्फुसाचा आजार आहे, हिमोग्लोबिन फारच कमी आहे त्यांनी आधी डॉक्टर, मग मॅट.

उंटावरचा_शहाणा

पूर्वीच्या बायका शेवटच्या दिवसापर्यंत राबायच्या, त्यांना कुणी सत्तर टक्के शिकवले नव्हते. तरी दहा-दहा पोरं व्हायची. (ह. घ्या.)

खडूस_काकू

हलकेच घेतेय. व्हायची दहा, जगायची किती ते पण सांगा. आणि ज्या बाळंतपणात गेल्या त्या धाग्यावर लिहायला येत नाहीत.

उंटावरचा_शहाणा

मान्य. उंटावरून उतरलो.

दुपारची_झोप

कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते, आणि घाबरवायचा हेतू नाही. मला सातव्या आठवड्यात ओटीपोटात उजव्या बाजूला दुखायला लागलं. आदल्या दिवशी त्रिकोणासन जरा जास्त खेचलं होतं, त्यामुळे मी ठरवून टाकलं की स्नायू ओढला गेला. शेकत बसले, दोन दिवस. मग खांद्याच्या टोकाला दुखायला लागलं तेव्हाही वाटलं की योगच भोवला. तिसऱ्या दिवशी बाथरूममध्ये बेशुद्ध पडले. एक्टोपिक होतं, गर्भ नळीत राहिलेला, नळी फुटली होती. थोडक्यात वाचले.

इथे सगळे म्हणताय की उगाच योगाला दोष देऊ नका, त्यात मला हे घालायचं होतं. मी योगाला दोष दिला म्हणून डॉक्टरकडे जायला उशीर केला.

स्टेथोस्कोप

दुपारची_झोप, हा या धाग्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद आहे. गर्भ गर्भाशयातच आहे हे सोनोग्राफीत दिसेपर्यंत एका बाजूचं वाढतं दुखणं, खांद्याच्या टोकाला कळ, घेरी, अंगावरून जाणं, यातलं काहीही "आसनामुळे असेल" म्हणून घरी बसून बघायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना, रात्र असली तरी.

एरवीही मॅटवरून उठायच्या खुणा आहेतच. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, पोटात कळा, छातीत दुखणं, काही न करता लागलेली धाप, खूप डोकं दुखणं, एकाच पोटरीत दुखणं आणि सूज. थांबा आणि फोन करा.

तेजोनिधी

माझा आधीचा प्रतिसाद जरा फटकळ झाला. बायकोने वाचला आणि सांगितलं की तिने कपालभाती तिसऱ्या महिन्यातच सोडली होती, मलाच माहीत नव्हतं. तरीही माझा मुद्दा राहतोच की गरोदरपणाला आजारासारखं वागवू नका. मी एका अभ्यासाबद्दल वाचलंय ज्यात गरोदर बायकांकडून २६ आसनं करून घेतली आणि बाळाचे ठोके सगळ्यांत नॉर्मल राहिले. त्यात अधोमुख श्वानासनही होतं.

खडूस_काकू

नऊ महिन्यांचे तीन झाले. पुढच्या प्रतिसादापर्यंत "तिने कपालभाती केलीच नव्हती" असं निघणार.

स्टेथोस्कोप

तो अभ्यास खरा आहे, २०१५ चा, आणि चांगला आहे. पण त्यातल्या २५ जणी ३५ ते ३७ आठवड्यांच्या होत्या. शेवटच्या महिन्यांबद्दल त्याने बराच धीर येतो, सहाव्या आठवड्याबद्दल तो काही बोलत नाही. योगावरचं बरंचसं संशोधन नंतरच्या महिन्यांतलंच आहे, कारण पहिल्या तिमाहीत बायका अभ्यासात यायलाही बिचकतात आणि डॉक्टर घ्यायलाही.

पहिल्या तिमाहीत ज्याबद्दल ठाम "नाही" म्हणता येतं असं एकच, आणि त्याचा अजून कुणी उल्लेख केला नाही. गरम खोलीतला योग. खोली चाळीस अंशांच्या आसपास तापवून करतात तो. बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ व्या दिवसापर्यंत बंद होते, म्हणजे पाळीपासून मोजलं तर गुपचिळीचा हाच आठवडा. या काळात शरीराचं आतलं तापमान ३९ अंश सेल्सिअसच्या वर जाऊन तसंच राहिलं तर त्या नळीतल्या दोषांचा धोका वाढतो. सॉना आणि कढत पाण्याचा टब यांनाही हेच लागू. साधा घाम आला तर घाबरू नका, पंखा लावा, पाणी प्या. फॉलिक ॲसिडची गोळी याच नळीसाठी असते, ती रोज घे. आसनांइतकी चर्चा तिची होत नाही, बिचारीची.

बोरूबहाद्दर

रच्याकने (बाय द वे), पेल्विक फ्लोअरचे, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम म्हणजेच योगातला मूलबंध का? बायको म्हणते एकच, तिच्या फिजिओ म्हणाल्या वेगळं.

सुप्तवज्र

स्नायू तेच, करण्याची पद्धत वेगळी. मूलबंध श्वासाबरोबर लांब धरतात, बऱ्याचदा कुंभकासह, ते नको. फिजिओ सांगतात ते आवळा, चार-पाच आकडे धरा, पूर्ण सोडा. सोडणं आवळण्याइतकंच महत्त्वाचं. हे पहिल्या दिवसापासून करता येतं आणि बसमध्ये उभ्यानेसुद्धा, कुणाला कळत नाही.

बोरूबहाद्दर

मी करून बघतोय. बायको म्हणते चेहऱ्यावरून कळतंय.

गुपचिळी

आठ दिवसांनी येतेय.

बुधवारी सकाळी स्पॉटिंग झालं. तपकिरी, थोडंसंच, पण माझं पाणी पाणी झालं. गंमत बघा, त्याआधी तीन दिवस मी मॅटला हातसुद्धा लावला नव्हता, मळमळीने उठवतच नव्हतं. तरी डोक्यात पहिलं काय आलं? गेल्या रविवारचं त्रिकोणासन! एवढा सगळा धागा वाचून!

दवाखान्यात लगेच गेलो. सोनोग्राफी झाली, जागा बरोबर आहे, ठोके दिसले. मी बघितलेच नाहीत आधी, छताकडे बघत होते, नवऱ्याने हात दाबला तेव्हा मान वळवली. डॉक्टर म्हणाल्या असं स्पॉटिंग पुष्कळ जणींना होतं, पण पूर्ण थांबून आठवडा जाईपर्यंत व्यायाम नको, नुसतं चालायचं. या वेळी मी पुढच्या पेशंटला बोलवू दिलं नाही, सुप्तवज्र यांची यादी मोबाइलवर समोर धरली. त्यांनी वाचली आणि वळायची आसनं बारा आठवड्यांपर्यंत राहूच द्या म्हणाल्या, बाकीला हो.

झिपरी

ठोके दिसले!! बास. आता झोप तू.

दुपारची_झोप

"जागा बरोबर आहे" वाचून माझाच श्वास सुटला.

रिकामा_डबा

गुपचिळी, खूप बरं वाटलं. माझा प्रश्न मात्र अजून तसाच लटकलाय, नवशिक्यांनी काय करायचं?

सुप्तवज्र

डबा, माफ कर, राहिलंच. कधीच केलेलं नसेल तर या महिन्यांत व्हिडिओ बघून एकटीने सुरू करू नकोस. रोज दहा मिनिटांच्या चालण्यापासून सुरुवात कर, जोडीला मार्जारासन, बद्धकोणासन आणि अनुलोम-विलोम, आणि कुणीतरी समोर उभं राहून बघणारं असू दे. तुलना नको. पाच वर्षं करणारीचं सत्तर टक्के म्हणजे तुझे एकशेचाळीस.

गुपचिळी

तेरावा आठवडा! धागा वर काढतेय.

मळमळ ओसरलीये. सकाळी जमतच नव्हतं म्हणून संध्याकाळी करायला लागले आणि डोकं खाली गेलं की घशाशी जळजळायचं म्हणून अधोमुख श्वानासन सोडून भिंतीला हात लावून करते. सूर्यनमस्कार कधी दोन, कधी शून्य. शून्यच्या दिवशी लोडावर पडून राहते.

क्लासच्या मॅडमना शेवटी सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुझ्या मैत्रिणीला कितवा लागला?" काकू, जिंकलात. आता त्या मला भिंतीजवळ खुर्ची देऊन बसवतात आणि दर पाच मिनिटांनी "बोल काहीतरी" म्हणून ओरडतात, टॉक टेस्ट म्हणे. सगळा क्लास दचकतो.

एक प्रश्न उरलाय. शवासन आता कुशीवर करायला सांगतात मॅडम. डाव्या की उजव्या? आणि पाठीवर अजिबातच नाही का? कुशीवर मला शवासन वाटतच नाही, रविवार दुपार वाटते.

स्टेथोस्कोप

आत्ता दहा मिनिटं पाठीवर पडलीस तर काही बिघडत नाही. गर्भाशय जड झालं की पाठीवर झोपल्यावर ते मोठ्या शिरेवर रेलतं, रक्त परत यायला अडतं आणि गरगरतं. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा एनएचएस १६ आठवड्यांनंतर जास्त वेळ सपाट पाठीवर व्यायाम नको म्हणते, काही जण २० धरतात. तोवर आवडीची कूस शोधून ठेव. डावी चांगली म्हणतात, उजवीही चालते. गुडघ्यांमध्ये उशी घे.

खडूस_काकू

आणि बोरूबहाद्दरांच्या शेजारची जागा सोडून कुठलीही.

बोरूबहाद्दर

मी आता सोफ्यावर शवासन करतो. दार लावून.